मित्राच्या निबंधावर अभिप्राय कसा द्यायचा, आणि आलेला कसा घ्यायचा

नाशिकमध्ये एका ज्युनिअर कॉलेजला मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. एका वर्गात ऐंशी पोरं. एकेक निबंध नीट वाचून त्यावर दोन कामाची वाक्यं लिहायची म्हटलं तर सहा-सात मिनिटं जातातच, म्हणजे एका वर्गाच्या एका निबंधाला आठ-नऊ तास, आणि असे तीन वर्ग. मग होतं काय, की पहिल्या वीस वह्यांना मनापासून वेळ दिला जातो आणि रात्री अकरानंतरच्या वह्यांवर "छान", "मुद्दे वाढवा", "अक्षर सुधारा" एवढेच शेरे पडतात, आणि ते शेरेसुद्धा पोरं वाचत नाहीत, आधी आपले मार्क बघतात, मग शेजारच्याचे, की वही दप्तरात. हे मला वर्षानुवर्षं खुपत होतं. म्हणून पोरांना एकमेकांचे निबंध वाचायला द्यायला लागले, आणि चार-पाच वर्षं करून, चुकून, बदलून जे हाताशी लागलंय ते इथे सविस्तर लिहितेय. शिक्षकांसाठी तर आहेच, पण चार मित्र मिळून स्वतःहून करणार असाल तरी पायऱ्या याच.

आधी काय चुकलं ते सांगते. पहिल्या वर्षी मी नुसत्या वह्या बदलायला लावल्या आणि म्हटलं, "तपासा." पोरांनी तपासलं. तपासणं म्हणजे त्यांनी आजवर जे बघितलंय तेच, लाल पेन, वेलांट्या-उकारांना गोल आणि खाली एक शेरा. सटाण्याकडच्या एका मुलीने गारपिटीवर लिहिलं होतं, त्यांची डाळिंबाची बाग एका दुपारीत झोडपली गेली, आणि बांधावर उभी असलेली तिची आजी एवढंच म्हणते, "माय, बठ्ठं गयं." त्यांच्या घरात अहिराणी बोलतात, बठ्ठं म्हणजे सगळं. शेजारच्या मुलाने त्या वाक्यावर लाल रेघ ओढून समासात लिहिलं होतं, "अशुद्ध. प्रमाण भाषा वापरावी." अख्ख्या निबंधातलं सगळ्यात जिवंत वाक्य, आणि तेच खोडलेलं. ती काही बोलली नाही, वही पालथी करून बाकावर ठेवली. पुढच्या निबंधात तिची आजी पुस्तकी मराठीत बोलत होती. त्या मुलाला तरी मी काय बोलणार, वाचायचं कसं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, मी थेट शेरा मारायला बसवलं होतं.

मुळात हे करायचं कशासाठी

बऱ्याच जणांना वाटतं की अभिप्राय ज्याला मिळतो त्याचा फायदा. थोडा असतोच, पण देणाऱ्याचा जास्त होतो, हे मी वर्गात बघितलंय आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. लुंडस्ट्रॉम आणि बेकर या दोघींनी २००९ साली अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचे दोन गट केले, एकाने फक्त अभिप्राय द्यायला शिकायचं, दुसऱ्याने फक्त अभिप्राय वापरून लेखन सुधारायला शिकायचं, आणि शेवटी देणाऱ्या गटाच्या स्वतःच्या लेखनात जास्त सुधारणा दिसली, त्यातही नवशिक्यांच्या लेखनात. कारण समजायला सोपं आहे. आपला निबंध वाचताना आपल्याला कागदावर नसलेलंही दिसतं, डोक्यात असतं ना ते सगळं. दुसऱ्याचा वाचताना फक्त कागद समोर असतो. कुठे रस्ता तुटला ते लगेच कळतं, आणि ही नजर एकदा बसली की ती हळूहळू आपल्या वहीवरही पडायला लागते.

पण ती आपोआप पडत नाही. त्यासाठी दिलेल्या-घेतलेल्या अभिप्रायावर नंतर बसून विचार करावा लागतो, आणि सगळीकडे नेमकं हेच राहून जातं. त्यावर शेवटी येते, पण आत्ताच सांगून ठेवते, वेळ कमी असेल तर बाकी काहीही कमी करा, शेवटी स्वतःला लिहायची चिठ्ठी गाळू नका.

बसण्याआधी

कच्चा खर्डा द्यायचा, फेअर केलेला नाही. फेअर केलेल्या निबंधाला कोणी हात लावू देत नाही, माणूस मनाने त्यातून बाहेर पडलेला असतो. फुलस्केपवर एक ओळ सोडून लिहायचं, डावीकडे चांगला तीन बोटं समास, आणि जमलं तर झेरॉक्स काढून त्यावर काम करायचं, म्हणजे मूळ कागद लिहिणाऱ्याकडे स्वच्छ राहतो. झेरॉक्सचा हा खर्च मला आधी उगाच वाटायचा, पण आपल्या अक्षरावर दुसऱ्याच्या खुणा बघताना पोरांना जो चटका बसतो तो झेरॉक्सने निम्मा होतो.

लाल पेन बंद. फक्त पेन्सिल. आणि मार्क अजिबात द्यायचे नाहीत, दहापैकी सात वगैरे काही नाही. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर प्रयोग केला होता, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना फक्त मार्क, काहींना दोन्ही, आणि पुढच्या कामात सगळ्यात चांगली निघाली ती फक्त अभिप्राय मिळालेली मुलं. मार्क सोबत दिले की अभिप्रायाचं पाणी होतं. आकडा दिसला की वाचन संपतं, हे कुठल्याही वर्गात दिसेल.

गट तिघांचा करा. जोडी केली तर दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. तिघांत प्रत्येक निबंधाला दोन वाचक मिळतात, आणि दोघंही एकाच ओळीला अडखळले तर लिहिणाऱ्याला वेगळं काही पटवावं लागत नाही. जिवलग मित्र एका गटात नकोत, आणि दर वेळी एक हुशार एक कच्चा अशी वाटणीही नको, त्याने कच्चा म्हणवला जाणारा कायम ऐकणाराच राहतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. लिहिणाऱ्याने निबंधाच्या वर स्वतःचे दोन प्रश्न लिहायचे. "कसा वाटला?" चालणार नाही, त्याचं उत्तर "छान" एवढंच येतं. "दुसऱ्या परिच्छेदात एकदम आजोबांवर उडी मारलीय, ते तुटक वाटतं का?", "शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो का?" असे. प्रश्न लिहिता आला म्हणजे आपण कुठे अडकलोय हे पोराला अर्धं कळलेलंच असतं.

पहिल्याच वेळी थेट एकमेकांच्या निबंधांना हात घालू देऊ नका. मी माझा स्वतःचा एक कच्चा परिच्छेद फळ्यावर लिहिते, लासलगावच्या कांदा लिलावावरचा, आणि वर्गाला म्हणते, विचारा मला काय विचारायचंय ते. पहिली पाच मिनिटं कोणी बोलत नाही, मॅडमच्या लेखनाला नावं कशी ठेवायची म्हणून. मग निफाडकडचा एखादा हळूच विचारतो, "मॅडम, तुम्ही भाव पडला म्हटलंय, पण कितीचा किती झाला ते नाही लिहिलं." झालं, गाडी रुळावर. मी तिथेच त्यांच्यासमोर वाक्य बदलते. समोरचा माणूस अभिप्राय ऐकून घेतो आणि त्याने लेखन सुधारतं हे डोळ्यांनी बघणं गरजेचं आहे, नुसतं सांगून ते पटत नाही.

पहिलं वाचन

हातात काही नाही. पेन्सिल खाली. निबंध सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाचायचा, कागद उलटा ठेवायचा आणि आठवून एक वाक्य लिहायचं: हा निबंध मला काय सांगतोय.

हे एक वाक्य लिहिणाऱ्याला आरशासारखं असतं. एका मुलाने २०१५ च्या सिंहस्थावर लिहिलं होतं, त्याच्या मते विषय होता श्रद्धा. दोन्ही वाचकांनी वेगवेगळं बसून जवळजवळ सारखंच लिहिलं, की हा निबंध रामकुंडाच्या गर्दीत आजोबांचा हात सुटतो की काय या भीतीबद्दल आहे. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "खरंच की, श्रद्धा तर मी फक्त पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलीय." त्याने ते दोन परिच्छेद काढून टाकले. कोणी काढ म्हटलं नव्हतं.

दुसरं वाचन

आता पेन्सिल. तीनच खुणा. जे वाक्य लक्षात राहिलं त्याखाली सरळ रेघ. जिथे अडखळलो, दोनदा वाचावं लागलं, तिथे नागमोडी रेघ. जिथे अजून ऐकायचं होतं पण लेखक पुढे निघून गेला तिथे समासात प्रश्नचिन्ह. नागमोडी रेघा तीनपेक्षा जास्त नकोत, दहा ठिकाणी अडखळला असाल तरी सगळ्यात मोठी तीन निवडा, कारण दहा दुरुस्त्या बघून कोणीही निबंध पुन्हा लिहायला बसत नाही. आणि सरळ रेघ निदान एक हवीच. मिळत नाहीये असं पोरं म्हणतात, मी म्हणते अजून एकदा वाच, मिळते.

लिहायचं काय

खाली तीन वाक्यं. पहिलं, काय लक्षात राहिलं आणि का. दुसरं, कुठे अडखळलो आणि तिथे मला काय वाटलं. तिसरं, एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही आणि ऐकायची इच्छा आहे.

जवळून दाखवते. एकाने गोदावरीच्या पुरावर लिहिलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमधल्या. त्यातलं वाक्य असं: "पुरामुळे शहरात सर्वत्र हाहाकार माजला होता व जनजीवन विस्कळीत झाले होते." पेपरात छापून येतं तसं वाक्य, चूक एकही नाही, आणि दिसत काहीच नाही. जुन्या पद्धतीने शेरा पडला असता "वर्णन प्रभावी हवे." आता प्रभावी म्हणजे काय करायचं त्याने, आणखी दोन विशेषणं घालायची? त्याच्या वाचक मुलीने लिहिलं, "हाहाकार वाचून माझ्या डोळ्यासमोर काही आलं नाही. त्या दिवशी तू कुठे होतास? पाणी कुठवर आलेलं तू स्वतः बघितलंस?"

नाशिककराला पाणी कुठवर आलं असं विचारलं की तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरच मोजून सांगणार. पुराचं पाणी मूर्तीच्या पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्यापर्यंत चढलं, हीच आपली पट्टी. तर पोराने दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं, "होळकर पुलावर बाबांनी मला पुढे घेतलं. मी दुतोंड्या मारुती शोधत होतो. बाबा म्हणाले, तिथेच बघ, जिथे पाणी फुटतंय ना, तिथे खाली आहे तो." हाहाकार शब्द गेला होता. त्या मुलीने त्याला एकही वाक्य लिहून दिलं नव्हतं, फक्त विचारलं होतं.

म्हणून माझा वर्गातला पक्का नियम, दुसऱ्याचं वाक्य आपण लिहायचं नाही. "इथे असं लिही" म्हटलं की तो निबंध तुमचा व्हायला लागतो. विचारा आणि थांबा.

बोलण्याची धाटणीही शिकवावी लागते. "तू हे नीट मांडलं नाहीस" ऐवजी "मला इथे कळेना की कोण बोलतंय". पहिल्यात आरोप आहे, दुसऱ्यात बातमी. "मला" ने सुरू झालेल्या वाक्याला कोणी भांडायला येत नाही, तुम्हाला कळलं नाही म्हणजे नाही कळलं. कौतुकाचंही तसंच, "छान" लिहिलं की पुढे "कारण" यायलाच हवं. आणि "तू भारी लिहितोस", "हुशार आहेस" हे माणसाचं कौतुक, त्याने पोरगं खूश होतं पण पुढच्या खर्ड्याला त्याचा उपयोग शून्य. हॅटी आणि टिंपर्ली यांनी २००७ मध्ये फीडबॅकवरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता, त्यातही हेच आहे, की नुसती माणसाची स्तुती शिकण्याच्या बाबतीत फारसं काही करत नाही, कामाबद्दल आणि काम करण्याच्या पद्धतीबद्दल बोललं तर फरक पडतो.

शुद्धलेखन वेगळ्या दिवशी

यावर माझी शिक्षकमंडळींशी वादावादी झालेली आहे, तरी मी ठाम आहे. पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही. जो परिच्छेद उद्या उडणार आहे त्यातल्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या? शेवटच्या खर्ड्याला वेगळा अर्धा तास काढा, तेव्हा लाल पेन घ्या, काय घ्यायचं ते घ्या. आणि माणसाच्या तोंडची भाषा, मग ती अहिराणी असो, बागलाणी असो की सिडकोतल्या पोरांची असो, ती खोडायची नाही. शब्द कळला नाही तर खाली प्रश्नचिन्ह करून अर्थ विचारा. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणं बोलीत, हे एकाच निबंधात सुखाने नांदतं, परीक्षेतसुद्धा अवतरण चिन्हात टाकलं की काही अडत नाही.

अभिप्राय घेताना

देण्यापेक्षा हे अवघड आहे, मोठ्यांनाही. वाचक बोलत असताना लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. "अरे पण मला म्हणायचं होतं की..." हे वाक्य आलं की थांबवा. जे म्हणायचं होतं ते कागदावर नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि परीक्षक काय किंवा दुसरा कोणी वाचक काय, त्याच्या शेजारी बसून समजवायला आपण जाणार नसतो. एकच शब्द बोलायची परवानगी, "म्हणजे?" कळलं नाही तर विचारायचं आणि परत ऐकायचं. जे ऐकलं ते टिपून ठेवायचं, पटो न पटो.

त्या दिवशी काहीही दुरुस्त करायचं नाही. एक रात्र जाऊ द्या. दिंडोरीहून एसटीने येणारी एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, जाताना बसमध्ये वाचलं तेव्हा इतका राग आला की कागद फाडावासा वाटला, सकाळी येताना त्याच बसमध्ये परत वाचलं तर तो बरोबरच म्हणत होता, निदान दोन ठिकाणी." कागद तोच, वाक्यं तीच, मध्ये फक्त झोप झालेली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या सगळ्या गोष्टींचे तीन ढीग करायचे. करणार. करणार नाही, कारण अमुक. विचारायचंय. मधला ढीग फार महत्त्वाचा आहे आणि पोरांना तो असू शकतो हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं सांगितलेलं सगळं ऐकायचं असतं. नाही. निबंध तुमचा आहे. पण नाही म्हणायचं तर कारण लिहून नाही म्हणायचं, आणि "मला असंच आवडतं" हे कारण धरायचं नाही. दोन वाचक उलटसुलट बोलले, एक म्हणतो सुरुवात लांबलीय, दुसऱ्याला तीच आवडलीय, तर बहुतेक वेळा सुरुवातीत एक चांगली गोष्ट तिच्या जागेपेक्षा जास्त पसरलेली असते, तिथे कात्री चालवून बघा.

मग पुन्हा लिहायचं. डागडुजी नको, कोऱ्या कागदावर, जुना कागद बाजूला ठेवून.

चिठ्ठी

दुसरा खर्डा झाला की दोन दिवसांच्या आत अर्ध्या पानाची चिठ्ठी, स्वतःला. याला कोणी चिंतन म्हणतं, कोणी रिफ्लेक्शन, मी चिठ्ठी म्हणते कारण चिंतन म्हटलं की पोरं "या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळाले" लिहायला लागतात. तसलं एकही वाक्य नको. प्रश्न ठरलेले:

देणारा म्हणून: मी काय लिहिलं होतं? समोरच्याने त्याचं काय केलं? त्याच्या निबंधात मला खटकलेली गोष्ट माझ्या निबंधात आहे का, असली तर कितव्या ओळीला?

घेणारा म्हणून: कुठली गोष्ट ऐकताना सगळ्यात जास्त झोंबली? ती घेतली की सोडली, का? पुढच्या निबंधाआधी वाचकाला कुठला एक प्रश्न विचारणार?

देणाऱ्याचा तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त काम करतो. एका मुलीने लिहिलं, "मी तिला म्हटलं की प्रत्येक परिच्छेद 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' सारखाच सुरू होतोय. घरी जाऊन माझा बघितला. माझे पाचपैकी तीन." माझ्या दहा शेऱ्यांनी हे झालं नसतं.

चिठ्ठीला मार्क देऊ नका, दुरुस्तही करू नका, वाचा आणि परत द्या. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, प्रगतिपत्रकात स्व-मूल्यमापन आणि सहाध्यायींचं मूल्यमापन असावं असं म्हटलेलं आहे, चांगलंच आहे, पण त्याचा टिकमार्कचा रकाना झाला तर सगळं मुसळ केरात. चिठ्ठी पोराच्या शब्दांत हवी, त्याच्या अक्षरात.

वेळेचं गणित, आणि अभ्यासिकेत करायचं तर

कॉलेजात तीन तासिका लागतात: एक वाचून लिहायला, एक बोलायला आणि ढीग करायला, एक दुसरा खर्डा सुरू करायला. चिठ्ठी घरी. टर्ममध्ये दोनदा जमलं तरी पुरे. २७ फेब्रुवारी जवळ आला की मराठी भाषा गौरव दिनाच्या निबंध स्पर्धा सुरू होतात, कुसुमाग्रजांच्या गावात त्यांचा उत्साह जरा जास्तच असतो, तेव्हा एक फेरी करा, पोरांना लिहायला खरं कारण मिळतं.

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून माझे जुने विद्यार्थी अभ्यासिकांमधून फोन करतात, निबंध तपासून द्याल का म्हणून. त्यांनाही हेच सांगते, तिघे जमा. फरक दोनच. एक, निबंध घड्याळ लावून हाताने लिहायचा आणि ग्रुपवर फोटो टाकायचा, टाईप करून नाही, कारण परीक्षेत खाडाखोडीसकटच वाचला जाणार आहे. दोन, पहिलं वाचन एकदाच आणि भरभर, परीक्षक तसंच वाचतो, आणि मग ते आठवून लिहायचं एक वाक्य व्हॉइस नोटने पाठवायचं. वाक्य लिहिताना आपण सावरून घेतो, बोलताना "अं... विकासाबद्दल काहीतरी आहे" असं तोंडातून निघतं आणि लिहिणाऱ्याला कळायचं ते कळतं.

एखादा म्हणेल, मलाच लिहिता येत नाही, मी दुसऱ्याला काय सांगू. त्याला फक्त नागमोडी रेघ मारायला सांगा. अडखळायला निबंध लिहिता यावा लागत नाही, आणि वर्गातला सगळ्यात हळू वाचणारा मुलगा नागमोडी रेघेत बाकीच्यांपेक्षा पक्का निघतो, तो उडी मारून पुढे जातच नाही. कोणी दुखावणारं लिहिलं तर तो कागद समोरच्याला देण्याआधी परत लिहायला लावा, सगळ्यांसमोर नाही, बाजूला बोलावून.

सटाण्याच्या त्या मुलीचं काय झालं ते राहिलं. बारावीत तिने तोच गारपिटीचा निबंध परत काढला. गट मी ठरवले नव्हते, चिठ्ठ्या टाकून पडले होते, आणि तिच्या गटात तोच मुलगा आला. या वेळी त्याने बठ्ठं शब्दाखाली सरळ रेघ ओढली आणि समासात विचारलं, "आजी हे ओरडून म्हणाली की हळू?" तिने दुसऱ्या खर्ड्यात एक वाक्य वाढवलं, आजी हे गारा वेचता वेचता पुटपुटली होती.

सगळ्या चिठ्ठ्या मी एका फाईलमध्ये ठेवते, नावाप्रमाणे. जूनमधली चिठ्ठी जानेवारीत ज्याची त्याला परत देते. त्या दिवशी वर्गात दहा मिनिटं कोणी बोलत नाही, सगळे खाली मान घालून आपलंच अक्षर वाचत असतात.